खाणीकडच्या कठड्यावरची ऊब

स्टॅनरिग
रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय रसेल,

अकरा वर्षांनी नीट पत्र लिहिताना सुरुवात कशी करावी ते ठरेना, म्हणून निकालापासून करते. काल आपली वेल्फेअर फुटबॉलमध्ये घरच्या मैदानावर हरली, १–३. मोसमाचा पहिला सामना.

गोलरक्षक तोच आहे, वायरमन. पोट सुटलंय. दुसरा गोल खाल्ल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तेव्हा त्याच्या गोलामागून कुणीतरी म्हणालं, "काय रे, फ्यूज उडाला का?" तो वळून शांतपणे म्हणाला, "तुमच्या घरची वायरिंग मी केलीय काका. जरा जपून बोला." सगळं मैदान हसलं. लाइन्समनही हसला आणि त्या नादात त्याचा एक ऑफसाइड हुकला. टीव्हीवरच्या संघांच्या मागे फिरणाऱ्यांना हे सुख कसं कळणार? आपला संघ देशातल्या लीगांच्या उतरंडीत वरून मोजला तर नवव्या पायरीवर आहे, पण खेळाडूचा श्वास ऐकू येतो. कुणी चुकला तर सोमवारी त्याच्याच हातून आपलं टपाल घ्यायचं असतं, म्हणून शिव्यासुद्धा मापात द्याव्या लागतात.

ऑड्री अजून चहाच्या टपरीत आहे. खिम्याची पेस्ट्री पूर्वीसारखीच जीभ भाजते. समुद्राकडच्या टोकाचं छप्पर गळतं. क्लबचा अध्यक्ष अजून क्लिफर्डच आहे आणि माइकवर पाहुण्या संघातली नावं अजून चुकीची वाचतो.

बाबा दोन जूनला गेले, ते मी दोन ओळींच्या चिठ्ठीनं कळवलं होतं. तुझं उत्तर आलं नाही. फोन लावला तर तो नंबर आता वापरात नाही असं ऐकू येतं. माझ्याकडे उरलाय तो फक्त तुझ्या परदेशातल्या खाणीवरचा हा टपालपेटीचा क्रमांक. तोही तू कधीतरी नाताळच्या कार्डावर आईच्या मावसबहिणीला लिहिलेला.

एक विचारायचं आहे. पंधरा फेब्रुवारीला तू बरा होतास का? शनिवार होता. इथले दुपारचे तीन, म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा. तारीख डायरीत पाहून लिहिते आहे. का विचारते ते पुढे कधीतरी सांगेन. दोन शब्दांत उत्तर दिलंस तरी पुरे.

हेझल


स्टॅनरिग
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय रसेल,

काल २–२. आपला नऊ नंबर टपाल वाटतो, त्यानं अखेरच्या मिनिटाला डोक्यानं मारला. कुणीतरी ओरडलं, "अखेर एक तरी वस्तू बरोबर पत्त्यावर टाकलीस." तो कठड्याशी येऊन म्हणाला, "सही करून घ्या."

आज तुला मध्यंतराबद्दल लिहायचं आहे. शिट्टी वाजली की खाणीकडच्या टोकाची सगळी मंडळी चहाचे पेले सांभाळत मैदानाला वळसा घालून समुद्राकडच्या टोकाला निघते, कारण उत्तरार्धात वेल्फेअर तिकडे चाल करते. मोठ्या मैदानांवर माणसाला खुर्चीचा नंबर असतो, तो तिथेच खिळतो. आपण चालतो. मला वाटतं, लहानपणापासून मला या खेळात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हे चालणं. वीस-तीस माणसं, कुत्री, पाठीमागे अर्धा निकाल आणि पुढे अर्धी आशा. आई तुझा हात धरायची आणि बाबा माझा.

काल बाहेरगावचे एक गृहस्थ माझ्यासोबत चालत होते. ते कुठल्याच संघाचे नाहीत. दर शनिवारी नवं मैदान बघतात आणि वहीत नोंद करतात. हा त्यांचा आठशे बारावा होता. साधा, नीटनेटका माणूस, पायात मोजे ओढून घातलेले. त्यांनी वही उघडून विचारलं, "तुमच्यातला तो एक चालत नाही का? पाय दुखतो त्याचा?"

"कोण?"

"मी मोजले ना. तेवीस या बाजूला आले. तो तिथे राहिला, गोलच्या डावीकडे, हातात काही नाही. टोपी पण नाही."

मी वळून पाहिलं. खाणीकडचं टोक रिकामं होतं. म्हणजे मला ते रिकामं दिसलं. मी एवढंच लिहू शकते.

"गेला वाटतं," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

ती तुझी जागा आहे, रसेल. गोलच्या डावीकडे, तिसऱ्या खांबापाशी. तिथे कठड्यावर आता एक छोटी पितळी पट्टी आहे. त्यावर काय कोरलंय ते मी आज लिहिणार नाही. मला लाज वाटते.

तुझं उत्तर अजून नाही.

हेझल


स्टॅनरिग
रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय रसेल,

तीनदा हे पत्र सुरू केलं आणि तिन्ही वेळा स्वतःची बाजू मांडली. कागद फाडले. हा चौथा. इथे फक्त घडलं तेवढंच.

शेवटच्या वर्षभरात बाबांना बरंच काही आठवेनासं झालं होतं. तू गेलास हे ते विसरले. का गेलास हेही विसरले. आईला पुरलं त्या दिवशी शनिवार होता. सगळे आपल्या घरी जमलेले असताना तू अडीच वाजता कोट घालून मॅचला निघालास, आणि मी दारात सगळ्यांसमोर म्हणाले, "आता गेलास तर आमच्यासाठी तू मेलास." बाबा त्या वेळी काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांनाही तुझ्याबरोबर निघायचं होतं. तू मॅच बघायला गेला नव्हतास, कठड्यापाशी आईच्या जागेशेजारी उभं राहायला गेला होतास, हे कळायला मला दहा वर्षं लागली. ते कळवायला अकरावं.

दर शनिवारी एक वाजता बाबा खिडकीशी उभे राहायचे. दोन मफलर घेऊन, एक तुझा. "रसेल कुठवर आलाय? बसमध्ये आहे का?" तू आल्याशिवाय निघायचे नाहीत. मग शनिवारच नव्हे, रोज सुरू झालं. अकरा फेब्रुवारी, मंगळवार. मी शाळेतून आले होते, प्रयोगशाळेत दिवसभर पोरांनी फोडलेल्या काचा वेचून. त्या संध्याकाळी त्यांनी नवव्यांदा विचारलं. नऊ हा आकडा मी त्याच वेळी मोजत होते, म्हणजे मी काही भान हरपून बोलले नाही.

मी म्हणाले, "बाबा, रसेल वारला."

ते खुर्चीत बसले. "कधी?"

"झाले थोडे दिवस."

"मला कळवायचं तरी होतं गं," एवढं म्हणाले आणि जेवले.

मला वाटलं, सकाळपर्यंत विसरतील. ते सगळंच विसरायचे. हेच तेवढं विसरले नाहीत. बुधवारी ते मैदानावर गेले आणि क्लिफर्डला सांगितलं.

गुरुवारी क्लिफर्डचा फोन आला. "पोरी, फार वाईट झालं. आपला रसेल म्हणजे... जाऊ दे. शनिवारी एक मिनिट शांतता ठेवतो आपण."

इथे मला थांबवता आलं असतं. बाबांचा घोटाळा झालाय म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं. मी म्हणाले, "थँक्यू, क्लिफर्ड."

मंगळवारचं खोटं थकव्याचं होतं. गुरुवारचे दोन शब्द निव्वळ भित्रेपणाचे.

पंधरा फेब्रुवारीला तीनला पाच कमी असताना दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. दंडावर काळी पट्टी म्हणून गोलरक्षकानं सगळ्यांना आपली इन्सुलेशनची टेप वाटली होती. ऑड्रीनं टपरीचं फळकूट खाली ओढलं. क्लिफर्डनं तुझं नाव मात्र अचूक वाचलं. तू जिवंत असताना तुझ्यासाठी पंच्याऐंशी माणसं गप्प उभी होती, आणि मी त्यांच्यात मान खाली घालून होते. पट्टीवर लिहिलंय: "रसेल आर्कल इथे उभा राहायचा."

शिट्टी झाली. बाबांनी टोपी परत घातली, डावीकडे वळले आणि रिकाम्या जागेला म्हणाले, "उशीर केलास."

त्या दिवसापासून त्यांनी तुझ्याबद्दल एकदाही विचारलं नाही. टपरीवर तीन चहा मागायचे. मध्यंतराला सगळे निघाले की मला म्हणायचे, "तू जा त्यांच्यासोबत. आम्ही इथूनच बघतो." आम्ही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भास आहे, पण सुखाचा आहे, राहू द्या. मी राहू दिला. एप्रिलअखेरपर्यंत बाबा इतके आनंदात होते, तेवढे आई गेल्यानंतर कधीच नव्हते. खोट्याला एवढं चांगलं फळ आलं की ते खोटं होतं हे मी जवळजवळ विसरले.

बाबा गेले. मागे राहणारा अजून मागेच राहतो आहे.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. आधी तू आहेस एवढं कळव.

हेझल


स्टॅनरिग
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय रसेल,

काल १–०. कुणाला गोल दिसला नाही.

समुद्रावरून धुकं चढलं होतं, गारठलेलं, कपड्यांवर पांढरं साचणारं. रेफरीला मधल्या रेषेवरून दोन्ही गोल कसेबसे दिसले म्हणून सामना सुरू झाला. मध्यंतराला मंडळी नेहमीसारखी निघाली. ऑड्री म्हणाली, "हेझल, दोन देऊ का?" कधी तीन म्हणते, कधी दोन. तिला स्वतःलाच कळत नाही का ते. मी एकच घेतला आणि पहिल्यांदाच समुद्राकडे न जाता मागे थांबले.

मी शाळेतला थर्मामीटर नेला होता. हसू नकोस. मी पडले प्रयोगशाळेतली बाई. आधी मोजायचं, मग घाबरायचं.

कठड्याचा लोखंडी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला होता. बारीक काटे उगवल्यासारखं दव गोठलं होतं त्यावर. तिसऱ्या खांबापाशी, तुझ्या पट्टीच्या वर, दोन जागी ते नव्हतं. दोन तळव्यांएवढ्या जागी. मधे खांद्याएवढं अंतर. तिथलं लोखंड काळं, ओलं आणि स्वच्छ होतं.

बाकी दांड्याचं तापमान उणे एक. त्या दोन जागी एकवीस. मी तीनदा घेतलं. मग दुसऱ्या खांबापाशी जाऊन माझे स्वतःचे हात दहा मिनिटं दाबून धरले, तुलना म्हणून. सात अंशांपर्यंतच चढलं, आणि हात बधिर झाले.

तेव्हा पलीकडच्या टोकाला आरडाओरड झाली. धुक्यातून नुसता आवाज आला, पाण्याखालून यावा तसा. आपण गोल केला होता. आणि माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर, कुणीतरी समाधानानं श्वास सोडला. बाबा सोडायचे तसा नाही. तुझ्यासारखा, नाकातून.

मी वळले नाही. वळायला हवं होतं, शास्त्र म्हणून तरी. मी तिथे उभी राहिले, आणि खरं लिहायचं तर मला भीती वाटली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्याशेजारी उभी राहून वेल्फेअरला जिंकताना ऐकलं. भीती घरी आल्यावर वाटली. जिवंत माणसाच्या नावानं पंच्याऐंशी लोक गप्प उभे राहिले, तर त्या माणसाचं काय होत असेल? आणि तो आता जिवंत नसेल, तर ते आधी झालं की नंतर?

रसेल, एक ओळ.

हेझल


स्टॅनरिग
रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय रसेल,

गुरुवारी समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. कठड्याचं नाही. खोट्याचं.

 मग क्लिफर्डनं चष्मा पुसला. "म्हणजे आपण जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली?"

"हो."

"आणि मी त्या दिवशी रडलो होतो."

"हो, क्लिफर्ड."

"तुझ्या बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून."

ऑड्री म्हणाली, "त्या शनिवारी पेस्ट्र्या सगळ्या संपल्या होत्या. दुःखात माणसं जास्त खातात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वेडी गं तू. आम्हाला सांगायचंस. त्या म्हाताऱ्यासाठी आम्ही सगळेच खोटं बोललो असतो, पण माहीत असून."

यावर मी रडले. वर्षभरात मला कुणी इतकं नेमकं रागावलं नव्हतं.

मग खरा पेच पुढे आला. एक मिनिट शांतता परत कशी घ्यायची? लीगच्या नियमांत तशी सोय नाही. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, दहा जानेवारीच्या सामन्याआधी चुकीबद्दल जाहीर निवेदन, पट्टी काढायची, आणि एक मिनिट टाळ्या. क्लिफर्डनं वहीत लिहून घेतलं आणि पेन थांबवलं.

"तो जिवंत आहे, हे तुला नक्की ठाऊक आहे ना?"

मी खोटं बोलणार नव्हते. "नाही."

"मग आधी त्याच्या हातची चिठ्ठी आण, पोरी. दोनदा चुकलो तर या गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

म्हणून विचारते. तू रागावलेला असशील तर रागाची ओळ लिही. शिवी चालेल. फक्त हस्ताक्षर तुझं हवं.

हेझल


स्टॅनरिग
शनिवार, १० जानेवारी, सकाळ

प्रिय रसेल,

तुझं पत्र बुधवारी आलं. "जिवंत आहे. तुला हवं होतं ते हे." तुझा वाकडा र. मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. टपाल घेऊन आलेला आपला नऊ नंबर दारातच होता. तो म्हणाला, "बरोबर पत्त्यावर आलं ना?" मी मान हलवली. 

बाकीचं पत्र मी त्या दिवसापासून रोज वाचते आहे. की फेब्रुवारीपासून काही शनिवारी रात्री तुला दोन तास झोप नसते आणि जागही नसते. तळहात बर्फासारखे पडतात आणि त्यांना लोखंडाचा वास येतो. की एप्रिलपर्यंत शेजारी बाबांच्या टोपीचा वास यायचा, ऑगस्टात मोसम सुरू झाला तेव्हा तो नव्हता, आणि ते गेले हे तुला माझी जूनमधली चिठ्ठी उशिरा हाती पडण्याआधीच कळलं. म्हणून तू उत्तर दिलं नाहीस. काय लिहिणार होतास.

मी माझ्या सवयीनं तपासलं. तू लिहितोस, सप्टेंबर-ऑक्टोबरात हे रात्री दहाला सुरू व्हायचं, नोव्हेंबरपासून अकराला. तिकडे घड्याळं बदलत नाहीत. इथे ऑक्टोबरच्या शेवटी तासभर मागे घेतात. पण ते तू लहानपणापासून जाणतोस, म्हणून हा पुरावा मी धरला नाही. दुसरं धरलं. तू लिहितोस, अठरा ऑक्टोबरला काहीच झालं नाही. छापील वेळापत्रकात त्या दिवशी घरचा सामना आहे. मैदानात पाणी साठलं म्हणून तो सकाळी रद्द झाला. ते मी तुला कधी लिहिलेलं नाही.

आणि शेवटी तुझं मागणं. "काय केलंयस ते मोडू नकोस. तेवढेच दोन तास मी घरी असतो."

दोन रात्री विचार केला. क्लिफर्डला एवढंच सांगितलं असतं की चिठ्ठी आली नाही, तर पुरे होतं. तू दर पंधरवड्याला तिसऱ्या खांबापाशी येत राहिला असतास. मीही आता मागेच थांबले असते. आपण दोघं बाबांसारखे सुखात राहिलो असतो.

पण हे मी एकदा केलंय. एका माणसाला बरं वाटावं म्हणून दुसऱ्याला मेलेल्यांत घातलं, आणि त्याला सुखाचा भास म्हटलं. तुझे हात गार पडून ती ऊब इथे येते आहे, रसेल. किती दिवस पुरेल, ते मोजायला माझ्याकडे उपकरण नाही. काल तुझं पत्र क्लिफर्डला दाखवलं. फक्त पहिली ओळ.

मी त्याला थांबवणार नाही. तू चिडशील. यावेळी तुझा राग तरी खरा असेल.

हेझल 


त्याच दिवशी, संध्याकाळ

निवेदन झालं. क्लिफर्डनं वाचलं: "रसेल आर्कल हे जिवंत आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल क्लब त्यांची माफी मागतो." क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग गोलरक्षकानं हातमोजे घातलेले हात वर करून टाळ्या सुरू केल्या. पाहुण्या संघानंही वाजवल्या. त्यांना कारण माहीत नव्हतं. ऑड्री टपरीच्या फळकुटावर झारा आपटत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "जिवंत आहे तर वर्गणी भरायला सांगा," आणि एकशे चार माणसं हसत, टाळ्या वाजवत पूर्ण एक मिनिट उभी होती. तुझ्यासाठी. तेव्हाच्यापेक्षा जास्त.

पट्टी निघाली. स्क्रूची दोन भोकं राहिली आहेत.

मध्यंतराला सगळे निघाले. मी थांबले. आज धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन आणि कडक थंडी. तिसऱ्या खांबापाशी जाऊन हातमोजे काढले आणि तुझ्या दोन्ही जागांवर हात ठेवले. थर्मामीटर नेलाच नव्हता. शेवटच्या शिट्टीपर्यंत तशीच उभी होते. वेल्फेअर हरली, ०–२, आणि दोन्ही गोल मला लांबून, एकटीनं बघावे लागले.

तुझी झोप आज पुरी झाली असेल. हात गरम असतील. ते नीट बघ आणि मग ठरव. विमान न्यूकॅसलपर्यंत येतं. तिथून आपल्या गावाची बस तीच आहे, ती दोन वाजता मैदानाच्या फाटकाशी सोडते. पुढचा घरचा सामना चोवीस तारखेला, त्यापुढचा सात फेब्रुवारीला. तुझा मफलर खिडकीत ठेवला आहे. मी एक वाजल्यापासून तिथे उभी असेन, आणि कुणी विचारलं तर सांगेन की भाऊ बसमध्ये आहे का बघते आहे.

दांडा गार होता, रसेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच गार.

ये.

हेझल